उपासनेला गेल्यानं तारण होतं का? आणि तारण म्हणजे नेमकं काय?

मैत्रिणीबरोबर रविवारच्या उपासनेला गेलात, गीतांत, प्रार्थनेत, उपदेशात 'तारण' सतत कानावर पडलं. ते म्हणजे मेल्यावर स्वर्गात जागा मिळणं का, आणि नेमानं उपासनेला गेलं की ते मिळतं का, असं तुम्ही विचारलंय. मी ख्रिस्ती आहे, माझं सगळं आयुष्य या उपासनेत गेलं आहे, म्हणून मनापासून सांगावंसं वाटतं.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे: नाही. उपासनेला हजर राहून तारण मिळवता येत नाही. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूनं सांगितलेला एक दाखला आहे. दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात. त्यांतला एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला. तो उभा राहून देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. दुसरा जकातदार, म्हणजे रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी. तो मात्र लांबच थांबतो, त्याला वर बघायचाही धीर होत नाही. तो ऊर बडवून एवढंच म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो, देवाच्या दृष्टीनं नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

मंदिर तेच, वेळ तीच. परूशी खोटं बोलत होता असंही दाखल्यात कुठे म्हटलेलं नाही; तो खरंच उपास करत असेल. पण त्याची प्रार्थना पुन्हा वाचा, तिच्यात मागणं एकही नाही. त्याला देवाकडून काही नकोच होतं. ज्याच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं, त्यानं दया मागितली आणि त्याला ती मिळाली. ख्रिस्ती लोक 'कृपा' म्हणतात ती हीच. क्रुसावर येशूच्या शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराचंही तसंच. ना बाप्तिस्मा, ना उपासना, ना चूक सुधारायला उरलेला वेळ. माझी आठवण ठेव, इतकीच विनंती त्यानं केली आणि आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं उत्तर त्याला मिळालं.

मग उपासना कशाला? बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकात याचा क्रम फार स्पष्ट दिसतो. इस्राएल लोक मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होते. देवानं त्यांना बाहेर काढलं, समुद्रातून पार नेलं, आणि पलीकडच्या काठावर त्यांनी स्तुतीचं गीत गायलं. नियमशास्त्र तर त्याच्याही नंतर, सीनाय पर्वतावर मिळालं. म्हणजे आधी सुटका, मग गाणं, मग आज्ञा. शेवटच्या रात्री येशूनं शिष्यांबरोबर घेतलेलं भोजनही त्याच सुटकेची आठवण करणाऱ्या वल्हांडण या यहुदी सणाचं होतं. तिथेच त्यानं भाकर आणि प्याला यांना आपल्या शरीराचा आणि रक्ताचा अर्थ दिला. म्हणून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी, हा मला उपासनेचा गाभा वाटतो. तिथे आपण देवाला काही द्यायला जात नाही, रिकामे हात पुढे करून घ्यायला जातो.

आता पहिला प्रश्न. स्वर्गाची आशा तारणात आहेच, ती मी कमी लेखत नाही. पण तारण म्हणजे फक्त मेल्यानंतरची सोय, असं कोणी सांगितलं तर ते मला फार अपुरं वाटतं. लूकच्या १९व्या अध्यायात यरीहोचा जक्कय भेटतो. हा मुख्य जकातदार, श्रीमंत, आणि लोकांच्या मनातून उतरलेला. येशूला बघायला तो उंबराच्या झाडावर चढला. येशूनं त्याला खाली बोलावलं आणि मी तुझ्याच घरी उतरणार म्हणून सांगितलं. लोक कुरकुरले. जक्कय मात्र उभा राहून म्हणाला, माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. 'आज' म्हणाला! जक्कय मेला नव्हता, कुठे गेलाही नव्हता. देवाशी तुटलेलं नातं जुळलं आणि त्याच क्षणी ज्यांना लुबाडलं त्यांच्याशी असलेला त्याचा हिशोबही बदलला. पण क्रम सोडू नका: येशू घरी यायला आधी तयार झाला, जक्कय नंतर बदलला.

येशूचा प्रेषित पौल याच्या बायबलमधल्या पत्रांत तारण तिन्ही काळांत येतं. ते झालं आहे, होत आहे, आणि पूर्ण व्हायचं आहे. पापाच्या दोषातून क्षमा मिळाली, पापाची पकड रोज सुटते आहे, आणि एक दिवस मृत्यूही उरणार नाही. ख्रिस्ताचा क्रूस आणि पुनरुत्थान यांच्यामुळे हे शक्य झालं, यावर सगळ्या मंडळ्यांचं (चर्चचं) एकमत आहे. कसं शक्य झालं ते सांगताना कोणी बलिदान म्हणतं, कोणी खंडणी भरून केलेली सुटका, कोणी मरणावरचा विजय. मला यांतलं एकही सोडावंसं वाटत नाही.

मतभेद आहेत, तेही मोठे. प्रोटेस्टंट केवळ विश्वासावर भर देतात, कॅथलिक संस्कारांतून (बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारख्या विधींतून) मिळणाऱ्या कृपेवर, ऑर्थोडॉक्स मंडळ्या देवाच्या जीवनात सहभागी होण्यावर. १६व्या शतकात याच मुद्द्यावरून पश्चिमेकडची मंडळी दुभंगली. पण १९९९ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लुथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आपल्या कर्मांच्या पुण्याईवर नव्हे, तर केवळ कृपेनं, ख्रिस्तावरील विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, हे त्यांनी मिळून कबूल केलं. मला ती फार आनंदाची गोष्ट वाटते.

पुन्हा गेलात तर सुरुवातीची पापकबुली आणि तिच्यानंतरची क्षमेची वचनं नीट ऐका. बऱ्याच मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी लोक एकमेकांना शांती देतात, तेही पाहा. शेजाऱ्याशी समेट न करता वेदीपाशी येऊ नये, ही येशूचीच शिकवण आहे. प्रभुभोजन बहुतेक ठिकाणी बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तेव्हा जागेवर शांत बसून राहिलात तरी कोणाला गैर वाटणार नाही. प्रार्थना करावीशी वाटली तर जकातदाराचे शब्द घ्या. त्यासाठी आधी ख्रिस्ती असावं लागत नाही.