पुण्यातली क्राफ्ट बिअर, इंग्लंडची रिअल एल आणि आपल्या बारमधली स्ट्राँग: फरक चवीचा की नुसता दराचा?

तुम्ही निपाणीचे. पुण्यातल्या मित्राने मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणी नेलं, बिल बघून तुमचे डोळे पांढरे झाले, आणि वर तो म्हणाला की कंपनीची बिअर म्हणजे नुसतं फेसाचं पाणी. हे खरं की नुसती शायनिंग, 'रिअल एल' ही काय भानगड, आणि गोव्याहून चार बाटल्या आणल्या तर चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न. मी बेळगावचा. नोकरीची बरीच वर्षं बंगळुरात गेली, मध्ये कंपनीने इंग्लंडलाही धाडलं होतं, त्यामुळे तिन्ही प्रकार घशाखाली उतरलेत.

तुमचा मित्र निम्मा बरोबर आहे. फरक आहेच, पण तो चांगल्या-वाईटाचा कमी आणि टिकण्याचा जास्त. कंपनीची बिअर ट्रकमध्ये, गोदामात, दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने तग धरावी अशीच बनवतात. क्राफ्टवाल्याची, म्हणजे लहान प्रमाणावर बनवणाऱ्याची बिअर बहुतेक वेळा जिथे बनते तिथेच प्यायची असते. गवळ्याचं दूध आणि टेट्रा पॅकमधलं दूध यांत जे अंतर, तेच. गंमत म्हणजे पाश्चरसाहेबांनी तापवून टिकवण्याचं तंत्र आधी वाइन-बिअरसाठी काढलं, दुधाचा नंबर नंतर लागला. त्यांचा बिअरवरचा अभ्यास 1876 साली छापून आला.

कारखान्यात काय होतं बघा. बिअर तयार झाली की त्यातलं यीस्ट गाळून काढतात. मग भरलेल्या बाटल्या 60 अंशांच्या आसपास गरम पाण्याच्या फवाऱ्यांखालून सरकत जातात, म्हणजे उरलंसुरलं काही जिवंत असेल तर तेही संपतं. सातूच्या माल्टसोबत (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांसोबत) तांदूळ किंवा मका घालतात, आपल्याकडच्या स्ट्राँगमध्ये साखरही असते. लेबलवर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? साखर आंबली की तिचा जवळजवळ सगळा अल्कोहोल होतो, चव मागे फारशी राहत नाही. म्हणून स्ट्राँग चढते लवकर आणि लक्षात राहत नाही. आपल्या बारमध्ये वेटर "स्ट्राँग का माइल्ड?" एवढंच विचारतो, आणि ऐंशी टक्के टेबलांवरून उत्तर कुठलं येतं ते तुम्हाला माहीत आहे. पैशाला नशा किती, हा हिशेब. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्या हिशेबाने क्राफ्ट बिअर कायम तोट्यातच दिसणार, कारण ती बहुधा 5 टक्क्यांच्या आगेमागे असते आणि स्ट्राँगला आपल्याकडे 8 टक्क्यांपर्यंत मुभा आहे.

आणखी एक. आपल्या काका-मामांच्या पिढीत बाटली पाण्याच्या ग्लासात उपडी धरून 'ग्लिसरीन' काढायची पद्धत होती. बाटलीच्या तोंडातून रेघा-रेघा खाली उतरताना दिसायच्या, की झालं समाधान. त्या रेघा बिअरच्याच. ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून खाली उतरते, आणि तिची जागा घ्यायला ग्लासातलं पाणी बाटलीत शिरतं. म्हणजे स्वतःच्या हाताने बिअरमध्ये पाणी घालायचा हा उद्योग.

कंपनीवाल्यांना मी नावं मात्र ठेवणार नाही. फिकी, स्वच्छ लागर, म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या बिअरची जात, बनवणं सर्वांत अवघड. एखाद्या काळ्याकुट्ट स्टाउटमध्ये भाजक्या माल्टच्या वासाखाली पन्नास चुका झाकल्या जातात, लागरमध्ये एकही झाकत नाही. आणि वेगवेगळ्या राज्यांतल्या कारखान्यांमधून, वेगवेगळ्या पाण्यावर, बाराही महिने तीच चव काढायची ही काही ऐऱ्यागैऱ्याची कामगिरी नव्हे. उलट मायक्रोब्रुअरीत गेल्या महिन्यात झकास लागलेला ग्लास या महिन्यात बिघडलेला असू शकतो, आणि पैसे तेवढेच मोजावे लागतात.

आता रिअल एल. एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर. क्राफ्ट आणि रिअल एल एकच समजू नका. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या बड्या कंपन्यांनी पबमध्ये केग बिअर घुसवली: गाळलेली, पाश्चराइज केलेली, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने नळातून येणारी. वॉटनीज रेड बॅरल हे त्यातलं सर्वांत बदनाम नाव. 1971 मध्ये आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रजांनी याच्याविरुद्ध संघटना काढायचं ठरवलं, तीच 'कॅम्रा', म्हणजे रिअल एलसाठीची मोहीम. त्यांची अट साधी: बिअर ज्या पिंपातून वाढायची त्याच पिंपात ती दुसऱ्यांदा आंबली पाहिजे, आणि वाढताना बाहेरचा वायू लावायचा नाही.

तिथल्या पबमध्ये पीप तळघरात आडवं असतं. बारवाला काउंटरवरची लांब मूठ हाताने ओढतो, दोन-तीन ओढीत ग्लास काठोकाठ भरतो. तापमान 11 ते 13 अंश, म्हणजे आपला माणूस "अरे, ही गार कुठंय?" म्हणून परत करेल असं. फसफस नाही, नाकात झिणझिण्या नाहीत. पहिल्या घोटाला मला वाटलं, बाटली उघडून काल ठेवलेली दिसते. अर्धा ग्लास झाल्यावर चव उलगडायला लागली: पावाच्या खरपूस कडेसारखी, मागून जरासं फळ, शेवटी हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा, कोरडा कडूपणा. बर्फगार बिअरमध्ये यातलं काहीच कळत नाही, कारण थंडीने जीभच बधिर होते. कमअस्सल बिअर चिल्ड मागण्यात म्हणूनच शहाणपण आहे.

ही एल साफ व्हावी म्हणून तिच्यात परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेलं आयसिंगग्लास घालतात, यीस्टला धरून ते तळाशी बसतं. शाकाहारी मंडळींनी नोंद घ्यावी. श्रावण पाळणारे तसेही त्या महिन्यात बाटलीला शिवत नाहीत, त्यांचा प्रश्न मिटला. पीप एकदा उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट व्हायला लागतं. आता सांगा, निपाणी किंवा बेळगावात एका जातीच्या बिअरचं अख्खं पीप तीन दिवसांत रिकामं करील असा बार कुठला? रिअल एल इथे दिसत नाही ती एवढ्याचसाठी.

क्राफ्टची व्याख्या ढिली आहे. अमेरिकेत ब्रुअर्स असोसिएशन कारखाना लहान आणि स्वतंत्र असण्याची अट घालते, पण त्यांचं 'लहान' म्हणजे वर्षाला 60 लाख बॅरलपर्यंत! शिकागोची गूज आयलंड तर 2011 मध्ये बडवायझरवाल्यांनीच विकत घेतली. आपल्याकडे पुण्यात डूलाली 2009 मध्ये आणि बंगळुरात टॉइट 2010 मध्ये सुरू झाली, त्यानंतर दोन्हीकडे पीक आलं. या ठिकाणी टाक्या काचेपलीकडे डोळ्यांसमोर असतात, हा मुख्य फायदा. आणि ड्राफ्ट वेगळी, क्राफ्ट वेगळी. बारमध्ये नळाने मिळते ती ड्राफ्ट, बहुतेक वेळा कंपनीचीच. ताजी असेल तर बाटलीपेक्षा छान लागते, पण क्राफ्टचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

आपल्या भागातली खरी अडचण निराळीच आहे. दुकानाबाहेर उन्हात क्रेट रचलेले तुम्हीही बघितले असतील. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की बिअरला एक कुबट, उग्र वास येतो. तपकिरी बाटली ऊन बरंच अडवते, हिरवी फारसं नाही, कॅनमध्ये प्रश्नच नाही. एका दुकानात मी महागाची क्राफ्ट बाटली उलटसुलट करून तारीख शोधत होतो, तर मालक म्हणाला, "तारीख काय बघालाय सायेब, कालच माल आलाय की!" माल काल आला असेल, भरला होता सात महिन्यांपूर्वी. हॉप्सचा सुगंध सर्वांत आधी उडतो, त्यामुळे अशी आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली कडू एल) म्हणजे नुसता कडू काढा. त्यापेक्षा गेल्या महिन्यात भरलेला साध्या किंगफिशरचा कॅन केव्हाही बरा, हे माझं मत तुमच्या मित्राला खुशाल कळवा.

गोव्याहून आणायचं मात्र डोक्यातून काढा. तिकडची बाटली तिकडेच विकायची आणि प्यायची असते, लेबलवर तसं छापलेलंच असतं. गोवा-बेळगाव जोडणाऱ्या चोर्ल्याच्या रस्त्याला कणकुंबीचा अबकारी नाका आहे, तिथे डिकी उघडायला लावली तर बाटल्याही जातील आणि गुन्हाही नोंद होईल. गोव्यात मुक्कामाला असाल तेव्हाच प्या.

पुण्याला पुन्हा गेलात तर पूर्ण ग्लास मागवायच्या आधी छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागा. सुरुवात गव्हाच्या बिअरने करा. जर्मन पद्धतीच्या हेफेवायझनला केळ्या-लवंगेचा वास येतो, आत केळं किंवा लवंग काही नसतं, तो यीस्टचा प्रताप. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र खरोखर धने आणि संत्र्याची साल असते, आपल्या जिभेला ती पटकन ओळखीची वाटते. आयपीए पहिल्याच बैठकीत नको. कारल्याची भाजी आवडत असेल तरच मागवा, नाहीतर बिल येईपर्यंत माझ्याच नावाने खडे फोडाल.