कॅन्डिडाला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न : सोसायटीतल्या आरोग्य शिबिरासाठी मराठी पत्रक करतोय. 'कॅन्डिडा इन्फेक्शन'ला कुणी 'किण्वसंसर्ग' सुचवलं, कुणी 'बुरशी'. काय लिहू?

ताई, कॅन्डिडा ही अंगावर, तोंडात संसर्ग करणारी सूक्ष्म बुरशी. 'किण्व' म्हणजे यीस्ट, पीठ-दारू आंबवणारी; तो शब्द चूक नाही. शब्द जुना, कौटिलीय अर्थशास्त्रात मद्याच्या प्रकरणात भेटतो, शाळेतलं 'किण्वन'ही त्याचंच. पण म्हणूनच तो इथे नको. किण्व म्हटलं की पीठ फुगतं, दारू आंबते. आजार काही डोळ्यांपुढे येत नाही. शिवाय कॅन्डिडा निव्वळ यीस्ट नाही, यीस्टसारखी आहे. गोल पेशीला कळी फुटून ती वाढते खरी, पण लांबट तंतूही काढते. मी 'बुरशी'च्या बाजूचा.

फक्त क्रियापद सांभाळा. पावाला, लोणच्याला, कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी 'येते'. माणसाला बुरशीचा संसर्ग 'होतो'. 'तोंडाला बुरशी आली' असं छापलंत तर वाचणारा आधी लाजेल, मग पत्रक घडी करून ठेवेल.

नावातही गंमत आहे. लॅटिनमध्ये 'कॅन्डिडस' म्हणजे पांढराशुभ्र, आणि तिच्या नेहमी आढळणाऱ्या जातीच्या नावातल्या 'ॲल्बिकन्स'चा अर्थही पांढरी होणारी. म्हणजे कॅन्डिडा ॲल्बिकन्स ही पांढरी-पांढरी! रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे खडूने उजळलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) घालत, त्यावरून इंग्रजी 'कॅन्डिडेट'. आमच्या नौपाड्यात मतं मागायला येणाऱ्यांचे कडक इस्त्रीचे सदरे बघा, फार फरक नाही.

मराठी माणूस जंतूवरून नाव ठेवत नाही, दिसेल त्यावरून ठेवतो. पावसाळ्यात ठाणे स्टेशनबाहेरच्या पाण्यातून चार दिवस ये-जा केली की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलते, त्या 'चिखल्या'. आजी त्यांवर मेंदी थापायची. पण चिखल्या म्हणजे कॅन्डिडाच, असं लिहू नका. दुसऱ्या बुरश्या, जिवाणूही तिथे असू शकतात. नायटा, गजकर्ण तर वेगळ्याच बुरशीचे. आणि कॅन्डिडामुळे बाळाच्या जिभेवर येणाऱ्या थराला 'तोंड आलंय' नको, ते फोडांसाठी. 'दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर' लिहा. दूध सहज पुसलं जातं, हा थर चिकटून बसतो, खरवडला तर खाली लाल दिसतं.

तेव्हा पहिल्यांदा 'कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग', पुढे नुसतं 'कॅन्डिडा'. 'कँडिडा' लिहिलंत तरी चालेल, पण मग पत्रकभर तेच ठेवा.