भावासाठी संशोधक व्हायचंय, पण गणित नको!

प्रश्न: मुलगी डिचोलीत अकरावी सायन्सला आहे. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. मुलगी म्हणते, नीट द्यायची नाही. ऑटिझमच्या जनुकांवर संशोधन करून भावाला बरं करणार. गणित मात्र सोडायचं म्हणते. तिच्या बाबांना डॉक्टरकीच हवी आहे. संशोधनात पोट भरेल का? आणि सासरचे म्हणतात, हे तुमच्या माहेरून आलं. हे खरं का?
– एक आई

उत्तर: ताई, नमस्कार. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण रोज टोचत असेल तो हाच.

ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. ११ समरूप (जनुकं सारखीच असलेल्या) जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम निघाला, १० असमरूप जोड्यांपैकी एकीतही नाही. पण म्हणून ते 'अमक्या घराण्यातून' येतं असं नाही. बहुतेकांत हजारो बारीक फरकांची बेरीज असते, आणि ते आई-बाबा दोघांकडून येतात. काही मुलांत आई-बाबांपैकी कोणातच नसलेला, अगदी नवा बदल सापडतो. असे नवे बारीक बदल बहुतांशी वडिलांकडच्या पेशीत घडतात आणि वडिलांच्या वयाबरोबर वाढतात, हे आइसलँडच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं. (सासरी हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. दोष त्यांचाही नाहीच.)

आता लेकीचं. 'भावाला बरं करणार' या वाक्याची मला थोडी काळजी वाटते. रेट सिंड्रोम घ्या, एकाच जनुकामुळे होणारा, ऑटिझमच्या जवळचा विकार. ते जनुक १९९९ साली हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं २०२३ मध्ये, आणि तेही काही लक्षणं कमी करतं, आजार घालवत नाही. ऑटिझममध्ये तर जनुकं शेकड्यांनी आहेत. भावाचं ओझं पाठीवर घेऊन ती प्रयोगशाळेत शिरली, तर प्रत्येक फसलेला प्रयोग तिला स्वतःचा गुन्हा वाटेल. कोडं सोडवायची ओढ असेल, तरच तिने या वाटेला जावं.

ती ओढ आहे का, हे पाहायला रोजचं काम कसं असतं ते तिला सांगा. आई, बाबा, मूल, तिघांचं रक्त किंवा लाळ घेतात. डीएनए वाचून झाला की तिघांचे क्रम संगणकावर शेजारी लावायचे आणि फक्त मुलात असलेला बदल शोधायचा. तो खरा की यंत्राची चूक, हे तपासायचं. निरोगी लोकांतही तो सापडतो का, हे पाहायचं. एवढं करून पुष्कळदा अहवालात 'अर्थ अनिश्चित' असंच लिहावं लागतं. २०२० साली १०२ जनुकांची यादी प्रसिद्ध झाली, ती ३५,५८४ जणांचे नमुने तपासून. त्यातले ११,९८६ ऑटिझम असलेले. म्हणजे निम्मं काम संख्याशास्त्राचं. गणित सोडायचं नाही. याबाबतीत मी हट्टी आहे.

वाट अशी: आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था (पुणे जवळचं), तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस. प्रवेशाच्या आयएटी परीक्षेत जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणिताचे असतात. नाही जमलं तर गोव्यातच बीएस्सी, मग ताळगावला गोवा विद्यापीठात किंवा जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन बाहेर एमएस्सी. पुढे पीएचडीला बेंगळुरूच्या संशोधन संस्थांकडे डोळे ठेवावेत: एनसीबीएस, इनस्टेम, निम्हान्स. तिथल्याच जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये ऑटिझमशी संबंधित सिनगॅप१ जनुकावर उंदरांत काम होतं.

पोट भरतं, पण उशिरा. पीएचडी करताना नेट-जेआरएफ या शिष्यवृत्तीला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम; कायमची नोकरी लागेपर्यंत पस्तिशी गाठते. बाबांना हा हिशेब आत्ताच दाखवा. नीट द्यायला हरकत नाही, डॉक्टरही संशोधन करतात. पण मन नसताना त्यासाठी वर्ष फुकट घालवून रिपीट करू नका. माणसांशी बोलायला आवडत असेल तर जेनेटिक काउन्सेलिंगही (कुटुंबांना आनुवंशिक आजार समजावून सांगणं) आहे, मणिपालला त्याची एमएस्सी होते.

धाकट्याला मात्र ताईच्या पीएचडीची वाट पाहायला लावू नका. पर्वरीच्या 'संगत' या संस्थेने गोव्यातच आई-बाबांना घरी मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवणाऱ्या उपचाराची चाचणी घेतली. २०१६ साली निष्कर्ष आले आणि पालकांच्या प्रतिसादात फरक दिसला. ती चाचणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांवर होती. तुमच्या मुलासाठी काय करता येईल, तिथे जाऊन विचारा. चवथीच्या (गणपतीच्या) सुटीत लेकीलाही सोबत न्या, जमलं तर एखाद्या विशेष शाळेत चार दिवस बसू द्या. आयएटीचे अर्ज बारावीच्या वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतात, तोवर तिचं अकरावीचं गणित पक्कं करून घ्या.