कोटणीसांचं पान

प्रिय मनू,

सर्वपित्रीला आजोबांनी व्हिडिओ कॉलवर पानं दाखवली आणि तू पटकन म्हणालीस, "कोटणीस आपले कुणी लागत नाहीत, मग त्यांना खीर-वडे कशाला?" आजोबा हसले. मला मात्र ते लागलं. लहानपणी मीही हेच विचारलं होतं, तेव्हा मला गप्प गवारी मोडायला बसवलं होतं.

मंगळवार पेठेतल्या घरी म्हाळ म्हणजे पहाटेपासून तळणीचा वास. काकू आमसुलाची चटणी वाटायची आणि वड्यांकडे हात गेला की त्याच हातानं फटका द्यायची. मग पत्र्यावर घरच्यांची पानं आणि कडेला एक लहान पान, डॉक्टरांचं. कावळा हटकून तिथंच आधी शिवायचा. ते चिंचेच्या फांदीजवळ होतं म्हणून, असं माझं मत. काकूचं वेगळं होतं.

रीत पणजोबांची. ते सोलापूरला गिरणीत होते आणि द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच. जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले, त्यांत हे. वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली, तरी परतले नाहीत. बाकीचे चौघे मायदेशी आले. हे माओंच्या फौजेबरोबर राहिले, खेड्यापाड्यांत जखमींची ऑपरेशनं करत. तिथल्याच क्वो छिंगलानशी लग्न केलं, मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ला फेफऱ्यानं गेले. वय ३२. पोर काही महिन्यांचं.

पणजोबांचं म्हणणं एवढंच, की ज्याला बापाचं करायला येता आलं नाही, त्याचं कुणीतरी करावं. खरं तर डॉक्टरांना सख्खी भावंडं होती, ते काही उपाशी राहिले नसते. पण हे आजोबांना सांगायची माझी छाती नाही. आणि तिकडे चीनमध्येही छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या, सणाला त्यांच्या समाधीवर लोक फुलं वाहतात. ते तरी कुठं नात्यातले?

मी इथं पान वाढत नाही. वडे तळले की धुराचा अलार्म ओरडतो, हे एक कारण; बाकीची मलाही नीट सांगता येत नाहीत. तू वाढावंस असंही नाही गं. दिवाळीत गेलो की आजोबांनाच विचार. फक्त डॉक्टर शेवटी कम्युनिस्ट पक्षात गेले होते, हा विषय काकापुढे जेवताना काढू नकोस. तो पेटला की रस्सा थंड होतो.

तुझी,
आई