घाटकोपर गेलं की कंबर धरते

"मॅडम, एमआरआयमध्ये विशेष काही नाही म्हणतात, मग हे दुखणं काय मी मनानेच उभं केलंय का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारताना आवाज असा खाली जातो की जणू काही चोरीच पकडली गेलीये. म्हणून आज मीनाताईंबद्दल लिहितेय. नाव आणि घरचे तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.

मीनाताई ४४ वर्षांच्या, राहायला भांडुपला, ऑफिस फोर्टला. दादरला माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा आल्या तेव्हा कमरेला पट्टा, हातात रिपोर्टची ती मोठी पिशवी, आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, खुर्ची कडक आहे ना, मऊ चालत नाही मला. तीन वर्षांपूर्वी पाण्याची कळशी उचलताना कमरेत चमक भरली होती. अशी चमक बहुतेकांची काही आठवड्यांत जाते, यांची गेली नाही. एमआरआयमध्ये एक डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, थोडी फुगलेली दिसली आणि कोणीतरी सांगून टाकलं की मणका झिजलाय, आता जन्मभर जपायचं, वाकायचं नाही. तेव्हापासून त्या शक्यतो वाकतच नव्हत्या, चप्पलसुद्धा मुलगी पायाशी आणून ठेवायची.

मी आधी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. पायात किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर समुपदेशन थांबू शकतं, डॉक्टर थांबू शकत नाहीत. यांना तसलं काही नव्हतं.

मग मी त्यांना एक वही करायला सांगितली, कधी दुखलं, कुठे होता, कोण होतं समोर, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांनी वही उघडली आणि मी तीच तीच ओळ वाचत बसले. सकाळी भांडुपहून गर्दीत उभ्या उभ्या, एक पाय कोणाच्या तरी बॅगेवर, असा पाऊण तास प्रवास करतात तेव्हा कंबर गप्प. संध्याकाळी सीएसएमटीहून बसायला जागा मिळते, निवांत खिडकी असते, आणि घाटकोपर सोडलं की दुखायला सुरुवात. "पुढील स्टेशन, विक्रोळी" ऐकलं की हात आपोआप कमरेवर. आणि शनिवारी त्याच गाडीने बहिणीकडे मुलुंडला जातात तेव्हा तेच विक्रोळी येतं नि जातं, काही नाही! मणका झिजलेला असेल तर तो शनिवारी कसा काय बरा होतो?

घरी काय आहे ते विचारलं. चमक भरली त्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. तेव्हापासून त्यांना कुशीवर वळवणं, डायपर, भरवणं, रात्री दोनदा उठणं सगळं यांच्याकडे. दीर ऐरोलीला, रविवारी येतात, आईचा हात हातात घेऊन बसतात, पोहे खातात, जातात. "राग येत नाही?" मी विचारलं. "छे हो, राग कसला, आपलंच माणूस आहे, करावंच लागतं." हे बोलताना त्यांचा अंगठा पट्ट्याच्या वेल्क्रोवर होता, उघड-बंद, उघड-बंद, तो करकर आवाज खोलीभर. मी म्हटलं, आत्ता कंबर कशी आहे? त्या थांबल्या. "धरलीये." दहा मिनिटांपूर्वी? "नव्हती." त्याच कडक खुर्चीत बसलो होतो आम्ही, इंचभर हललो नव्हतो.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुखणं खरंच असतं, मीनाताईंचंही शंभर टक्के खरं होतं. १९९५ साली ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका बांधकाम कामगाराची नोंद आली होती, पंधरा सेंटिमीटरचा खिळा बुटातून आरपार गेलेला, खिळा जरा हलला तरी विव्हळत होता, औषध देऊन बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडासुद्धा नाही. तो नाटक करत नव्हता. डोळ्यांनी खिळा पाहिला, मेंदूने ठरवलं की इजा झालीये आणि वेदना दिली. जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेच्या व्याख्येतही वेदना म्हणजे संवेदना आणि भावना दोन्ही मिळूनचा अनुभव असंच म्हटलंय, १९७९ पासून. आणि डिस्कचं म्हणाल तर २०१५ मध्ये, काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा घेतला गेला, चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या डिस्क फुगलेल्या निघाल्या. हा आकडा ऐकून मीनाताई बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिल्या.

पावलोव्हच्या कुत्र्यांना घंटा ऐकली की लाळ सुटायची, शाळेत शिकलोय आपण. मीनाताईंच्या मेंदूत कंबर, सासूबाईंचं उचलणं, गिळलेला राग आणि "वाकलीस तर कायमची बसशील" ही भीती एकाच गाठोड्यात बांधली गेली होती. घर जवळ आलं की मेंदू आधीच धोक्याची घंटी देणार, पाठीचे स्नायू आवळणार, श्वास वर अडकणार, मग साधी ओढही मोठी होऊन पोचणार, आणि दुखलं की भीती पक्की.

आम्ही गाडीतूनच सुरुवात केली. विक्रोळी ऐकलं की हात कमरेवर न नेता डोळे मिटून नुसतं बघायचं, गरम आहे का, ओढ आहे का, सरकतेय का, आणि स्वतःला सांगायचं की ही जुनी घंटी आहे, इजा नाही. अशाच पद्धतीवर अमेरिकेत, कोलोरॅडोत, प्रयोग झालाय, जुनाट कंबरदुखीच्या ५० पैकी ३३ जणांचं दुखणं महिनाभरात जवळजवळ किंवा पूर्ण थांबलं होतं. सगळ्यांना इतकं लागू पडतंच असं मी म्हणणार नाही. मग वाकणं, आधी खुर्चीवरून, मग स्टुलावरून, सहाव्या आठवड्यात त्यांनी जमिनीवर विळी घेऊन मेथी चिरली आणि मला फोटो पाठवला.

सगळ्यात अवघड गेलं ते दिरांशी बोलणं. माझ्या समोर तीनदा म्हणून बघितलं, तीनदा रडल्या. शेवटी एका रविवारी पोहे देण्याआधी म्हणाल्या, भाऊजी, महिन्यातले दहा दिवस आईंना तुमच्याकडे न्या. त्यांनी नेलं नाही, पण आईंना सांभाळायला ठेवायच्या ब्युरोच्या मावशीचा निम्मा पगार देतो म्हणाले. मीनाताईंना हे अर्धवट वाटलं, मला फार मोठं वाटलं. त्या रात्री कंबर जोरात दुखली, आणि मग पुढचे आठ दिवस वहीत काहीच नाही.

मागच्या महिन्यात मावशी गावाला गेली नि दुखणं परत आलं. फोन आला तेव्हा मी पाय बधिर वगैरे विचारणार तोच त्यांनीच सांगितलं, "सगळं बघितलं मॅडम, तसलं काही नाही, विक्रोळीलाच सुरू झालं." मी म्हटलं, मग? "मग काय, भाऊजींना लावला फोन, चार दिवस रात्रीचं तुम्ही बघा म्हटलं. येतायत. ठेवते हां, तव्यावर भाकरी आहे."