आता पाय सुजत नाहीत

प्रश्न : ह्यांचं वय ६१. दोन वर्षं रोज सकाळी बीपीची अॅम्लोडिपिन गोळी घेत होते. दिवाळीत बीपी १२४/७८ आलं, म्हणून परस्पर बंद केली आणि घरात सैंधव आणलं. म्हणतात, “डोकं दुखत नाही, आता पायही सुजत नाहीत, मग गोळी कशाला?” परवा मोजलं तर १६२/९६! काय करू? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वहिनी, तो १२४/७८ गोळीने आणलेला आकडा होता. गोळी गेली, आकडाही गेला. डोकं दुखण्यावर तर मुळीच जाऊ नका. माझे सासरे १८० च्या वर बीपी घेऊन सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद खाऊन आले होते, तक्रार शून्य!

पण तुमच्या पत्रातली पायांची ओळ मी दोनदा वाचली. मला वाटतं, गोळी सुटली ती त्या सुजेपायी, १२४ हे निमित्त. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचे वळ उठतात, माणूस घाबरतो, ‘किडनी गेली’ म्हणतो आणि बोलत मात्र नाही. या गोळीने घोटे सुजू शकतात. डॉक्टरांना कळलं तर ते डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. सुजेचं दुसरं काही कारण नाही ना, तेही बघतात. याच आठवड्यात जा.

तोवर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, जिना चढून आल्या आल्या नको. आधी अर्धा तास चहा नाही, पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि गप्पा बंद. दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर म्हणजे जास्तच. १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा हातातलं बळ गेलं तर वही राहू द्या, थेट दवाखाना गाठा.

सैंधवाचं म्हणाल तर तेही मीठच, सोडियम क्लोराईड. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, त्यातच भागवायचं. आपल्याकडे पोह्यांवर आधी शेव पडते, मग जिरावण मसाला, त्यातही काळं मीठ! पोहे सोडा असं इंदुरात राहून मी कोणत्या तोंडाने सांगू? शेव चिमटीभर घ्या, जिरावणाऐवजी लिंबू पिळा.

आणि डॉक्टरांकडे ह्यांना एकट्याने पाठवू नका. ते सुजेचं सांगणार नाहीत, तुम्ही सांगा.