शब्दशंका : मर्दुमकी गाजवणे

प्रश्न : जुन्या पत्रव्यवहारात ‘मर्दुमीची शर्थ केली’ असे वाचले. मर्दुमी आणि मर्दुमकी एकच का? ‘शौर्य’ऐवजी हा शब्द वापरला तर चालेल का?

उत्तर : अर्थ एकच, रणातली बहादुरी. फारसीत ‘मर्दुम’ म्हणजे माणसे. उर्दूत जनगणनेला ‘मर्दुमशुमारी’ म्हणतात, तो हाच शब्द. मराठीने त्याला पाटीलकी, भाऊबंदकी यांतला ‘की’ लावला आणि तेच रूप टिकले.

शौर्य हा अंगचा गुण, मर्दुमकी म्हणजे तो करून दाखवणे. म्हणून ती ‘गाजवतात’. ‘त्याच्यात खूप मर्दुमकी आहे’ हे वाक्य कानाला खटकते ते यामुळेच. शब्द स्त्रीलिंगी, ‘दु’ ऱ्हस्व, ‘मर्दूमकी’ चूक. ‘मर्दानी’शी गल्लत नको, ते विशेषण : मर्दानी खेळ.

खरी अडचण वेगळीच आहे. आजच्या बोलण्यात हा शब्द बहुधा टोमणा म्हणूनच येतो : ‘लहान पोरावर हात उगारलास, मोठी मर्दुमकी गाजवलीस!’ तेव्हा शौर्यपदकाच्या बातमीत ‘शौर्य’च लिहा, नाहीतर कौतुकाची थट्टा व्हायची. बखरीच्या ढंगातल्या मजकुरात मात्र मर्दुमकी खुशाल वापरा.